घोड्याच्या दातांची देखभाल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोड्याच्या खुरांकडे आपलं रोज लक्ष जातं, कारण खूर दिसतात. दाढा दिसत नाहीत. ओठ वर केला की दिसतात ते फक्त समोरचे दात. खाणं बारीक करणाऱ्या दाढा गालांच्या आत खोलवर, पार डोळ्याच्या खालपर्यंत गेलेल्या असतात. त्यामुळे दातांचा विषय एकतर विसरला जातो, नाहीतर वर्षातून एकदा कुणाला तरी बोलावून "कानस मारून घेतली" इतक्यावर संपतो. पुढचे प्रश्न घोडेमालक आणि साईस नेहमी विचारतात ते आहेत. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे आणि तो उत्तरांमधून पुन्हा पुन्हा येईल: तोंड नीट पाहणं हे मुख्य काम, घासणं त्यानंतरचं.

घोड्याचे दात आयुष्यभर वाढतात ना?

वाढत नाहीत, वर सरकतात. हा फरक समजला की बाकीचं बरंच आपोआप समजतं. तरुण घोड्याची एकेक दाढ 7-8 सेंटीमीटर किंवा त्याहून लांब असते, पण तिचा बहुतेक भाग जबड्याच्या हाडात दडलेला असतो. गवत चावून वरचा भाग झिजतो आणि तेवढीच दाढ खालून वर येते, वर्षाला साधारण 2 ते 3 मिलीमीटर. म्हणजे घोडा जन्मभर साठ्यावर जगतो. साठा संपला की दाढ संपली, नवी येत नाही. कानशीने उगाच काढलेला प्रत्येक मिलीमीटर त्याच्या म्हातारपणातून वजा होतो.

दात झिजतातच, तर घासायची गरज काय?

सगळीकडे सारखे झिजत नाहीत म्हणून. घोड्याचा खालचा जबडा वरच्यापेक्षा जवळपास पाव हिश्श्याने अरुंद असतो आणि चावताना तो आडवा फिरतो. वरच्या दाढांची गालाकडची कड आणि खालच्या दाढांची जिभेकडची कड यांना पुरेसं घर्षण मिळत नाही. तिथे इनॅमलची टोकं तयार होतात. वरची टोकं गालाला टोचतात, खालची जिभेला. तोंड उघडून आत बघितलं तर कधी गालाच्या आतल्या बाजूला दाढांच्या ओळीला समांतर पांढरट चट्टे दिसतात, कधी ताज्या जखमा. त्यावर मुसक्याचा पट्टा बाहेरून आवळला की काय होत असेल, हे सांगायला नको.

दुसरं कारण समोरासमोरच्या दाढा तंतोतंत न जुळणं. वरची पहिली दाढ खालच्या पहिल्या दाढेच्या थोडी पुढे असेल, तर पुढचा भाग न झिजता आकड्यासारखा खाली वाढतो. एखादी दाढ पडली किंवा काढली, तर तिच्या समोरची दाढ त्या रिकाम्या जागेत उतरत जाते आणि जबड्याला आडवं फिरूच देत नाही. असे दोष आपोआप बरे होत नाहीत. दरवर्षी थोडे वाढतातच.

रानात फिरणाऱ्या घोड्यांचे दात कोण घासतं?

कुणी नाही. आणि त्यांच्याही तोंडात दोष सापडतात. फरक इतकाच की ज्याचे दात गेले तो रानात फार काळ टिकत नाही. आपण घोड्याला पंचवीस-तीस वर्षं जगवतो, लगाम घालतो, दाण्याचा खुराक देतो आणि जातिवंत पैदास करताना जबड्याची ठेवण क्वचितच पाहतो. मोकळा चरणारा घोडा दिवसातले दहा ते सोळा तास चावत असतो. एक किलो वाळलं गवत संपवायला घोड्याला साधारण 40 मिनिटं लागतात, तेवढाच ओटचा दाणा तो दहाएक मिनिटांत संपवतो. शिवाय दाणा चावताना जबडा आडवा कमी आणि वर-खाली जास्त चालतो. झीज बिघडायला एवढं पुरेसं असतं.

घोड्याला एकूण दात किती?

दुधाचे 24. कायमचे साधारण 36 ते 44. नर आणि खच्ची घोड्यांना सहसा चार सुळे असतात, घोडीला बऱ्याचदा नसतात किंवा अगदी बारीक असतात. वुल्फ टूथ, म्हणजे पहिल्या दाढेच्या पुढे येणारे छोटे दात, असले तर आकडा वाढतो.

शिंगराला पहिल्या आठवड्यात समोरचे मधले दात दिसू लागतात, चार-सहा आठवड्यांत त्यांच्या शेजारचे, आणि सहा ते नऊ महिन्यांत कोपऱ्यातले. पहिली कायमची दाढ एक वर्षाच्या सुमारास येते. अडीच ते साडेचार वर्षांच्या काळात समोरचे दुधाचे दात जोडीजोडीने पडतात, आणि त्याच काळात दुधाच्या बारा दाढाही. म्हणजे ज्या वयात घोड्याला लगाम लावून शिकवायला घेतात, नेमकं त्याच वयात त्याच्या तोंडात सगळ्यात जास्त उलथापालथ चालू असते. त्या दोन-तीन वर्षांत "घोडा ऐकत नाही" असं म्हणण्याआधी त्याचं तोंड पाहा.

किती दिवसांनी तपासून घ्यावं?

- शिंगरू जन्मल्यावर पहिल्या तपासणीत टाळू आणि जबड्याची ठेवण पाहावी. वरचा जबडा खालच्याच्या पुढे आलेला असेल तर ते तेव्हाच कळतं, आणि उपाय करायचा तर तो लहान वयातच होतो.
- दोन ते पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी.
- पाचच्या पुढे, तब्येत ठीक असलेल्या घोड्याला वर्षातून एकदा.
- अठरा-वीसच्या पुढे, किंवा दातांचा जुना दोष असलेल्या कोणत्याही वयाच्या घोड्याला पुन्हा सहा महिन्यांनी. फटींत अन्न अडकत असेल तर त्याहूनही लवकर.

हे अंतर तपासणीचं आहे. प्रत्येक तपासणीला कानस चाललीच पाहिजे असा नियम नाही. "या वर्षी काही करायची गरज नाही" असं सांगणाऱ्या माणसाला पूर्ण फी आनंदाने द्या, कारण त्याने डोळे आणि अनुभव वापरलेला असतो.

दात दुखतायत हे कसं ओळखावं?

सगळ्यात ठळक खूण म्हणजे गवत चावून गोळा करून टाकणं. गव्हाणीखाली अर्धवट चावलेले, लाळेने ओले, बोटाएवढे लांबट गोळे सापडतात. एखादा उचलून उलगडून पाहा. काड्या चेचलेल्या असतात पण तुटलेल्या नसतात. घोड्याने प्रयत्न केला, दुखलं, आणि थुंकून टाकलं. वयस्क घोड्यात हे दिसलं तर त्याच आठवड्यात तोंड पाहून घ्या.

दुसरी जागा लीद. लिदेतली काडी लांब राहत असेल, अख्खे दाणे पडत असतील, तर चावणं अपुरं होतंय. गाय रवंथ करते, तिला दुसरी संधी मिळते. घोड्याला चावायची संधी एकदाच. नीट न चावलेलं अन्न अन्ननलिकेत अडकतं, किंवा आतड्यात गच्च बसून पोटशूळ होतो. दातांचं दुखणं असं पोटावर येतं आणि कधी जिवावर बेततं.

बाकीच्या खुणा अशा: तोंडाला दुर्गंधी, एकाच बाजूने चावणं, मान वाकडी करून खाणं, गालात अन्न साठून फुगवटा येणं, गवत पाण्यात बुडवून खाणं, खायला पूर्वीपेक्षा वेळ लागणं, थंड पाणी प्यायला कचरणं, वजन उतरणं.

एक इशारा मात्र काळजीपूर्वक वाचा. अचानक लाळ गळू लागली, गिळता येईना, वागणं बदललं, तर दाताचा काटा-बिटा शोधायला तोंडात हात घालू नका. रेबीजमध्येही हीच लक्षणं दिसतात. आधी पशुवैद्याला बोलवा.

माझा घोडा व्यवस्थित खातो, अंगाने भरलेला आहे. तरी तपासणी हवी?

हवी. घोडा शिकार होणाऱ्या प्राण्यांतला आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. हिरडीचा आजार बराच पुढे गेलेले, दाढ हलत असलेले घोडेही गोळे न टाकता खात राहतात. भूक मोठी असते, पर्याय नसतो. घोड्याने खाणं सोडेपर्यंत थांबलं तर बहुतेक वेळा दाढ वाचवायची वेळ निघून गेलेली असते.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. निरोगी घोड्याची बारीकसारीक टोकं घासली की तो लगेच अंग धरेल, पळायला लागेल, अशी आशा ठेवू नका. वजन उतरण्यामागे जंत, अपुरा चारा, यकृताचं दुखणं अशी इतर कारणंही असतात. दात घासले म्हणजे सगळं झालं असं मानून ती कारणं शोधायची राहून जातात.

मी स्वतः काय पाहू शकतो?

बरंच काही, आणि तेही हात तोंडात न घालता. ओठ हळूच उचलून समोरचे दात पाहा: ओळ सरळ आहे का तिरकी, हिरडी गुलाबी आहे का लाल-सुजलेली, दातांच्या मुळाशी पू आहे का. गालावरून, वरच्या दाढांच्या रेषेवर बोटांनी हलका दाब देत पुढून मागे जा. घोडा झटकन डोकं काढून घेतो का? दोन्ही बाजूंना सारखंच वागतो का? खालच्या जबड्याच्या कडेवरून हात फिरवा. तीन-चार वर्षांच्या घोड्यात तिथे टेंगळं लागतात, ती वर येणाऱ्या दाढांच्या मुळांची असतात. दोन्ही बाजूंना सारखी, थंड आणि न दुखणारी असतील तर काळजी नको. एकच टेंगूळ, गरम, दुखरं किंवा पाझरणारं असेल तर पशुवैद्याला दाखवा.

दोन्ही नाकपुड्यांजवळ आणि तोंडाजवळ वास घ्या. आणि रात्री पागा शांत झाली की पाच मिनिटं उभं राहून नुसतं चावणं ऐका. निरोगी घोड्याचं चावणं एका लयीत असतं. ती लय ज्याच्या कानात बसली आहे त्याला बिघाड डोळ्यांआधी कानाने कळतो.

जीभ बाजूला ओढून दाढांमध्ये बोटं घालण्याची जुनी पद्धत करू नका. घोड्याच्या दाढेत सापडलेलं बोट वाचत नाही, आणि ओढलेल्या जिभेलाही इजा होते.

चांगली तपासणी कशी असते?

आधी प्रश्न विचारले जातात: वय, काम, खुराक, पूर्वीचं काही. मग घोडा चालताना-खाताना पाहणं, डोकं दोन्ही बाजूंनी सारखं आहे का ते चाचपणं, जबडा आडवा किती सरकतो ते पाहणं. त्यानंतर गुंगी, तोंड धुणं आणि गॅग (तोंड उघडं धरून ठेवणारी लोखंडी चौकट) लावून तोंड उघडणं. अन्नाचे कण धुतल्याशिवाय आतलं काही दिसत नाही, म्हणून मोठ्या पिचकारीने भरपूर पाणी मारतात. मग कपाळावरचा प्रखर दिवा, लांब दांड्याचा आरसा किंवा तोंडात जाणारा कॅमेरा, आणि फटी मोजायची बारीक सळई. एकेक दाढ वरून, गालाकडून, जिभेकडून पाहायची. शेवटच्या दाढा सगळ्यात महत्त्वाच्या, कारण घाई करणारा माणूस तिथपर्यंत पोचतच नाही.

आरशात काय दिसतं? दाढेच्या तोंडावर इनॅमलच्या नागमोडी कडा आणि मधे तपकिरी ठिपके. हे ठिपके म्हणजे दाढेच्या आतल्या जिवंत गाभ्यावरचं झाकण. एखाद्या ठिपक्यात सळई घुसली तर त्या दाढेचा तो भाग मेला असण्याची शक्यता असते आणि पुढे एक्स-रे काढावा लागतो. हे बाहेरून, टॉर्च मारून, "आ" करायला लावून कधीच दिसत नाही. म्हणून दिवा, आरसा आणि गॅग नसेल तर मी त्याला तपासणी म्हणणार नाही.

शेवटी सगळं दातांच्या तक्त्यावर लिहून तुमच्या हातात दिलं पाहिजे. तो कागद जपून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच्याशी ताडून पाहिलं तरच दोष वाढतोय की थांबलाय ते कळतं.

गुंगीचं इंजेक्शन लागतंच का?

काही शांत घोड्यांचं तोंड त्याशिवायही वरवर पाहता येतं. पण शेवटच्या दाढांपर्यंत नीट पाहायचं आणि धारदार उपकरण चालवायचं तर हलकी गुंगी घोड्यासाठी आणि माणसांसाठीही सुरक्षित. लोखंडी गॅग लावलेल्या घोड्याने डोकं झटकलं तर समोरच्या माणसाची कवटी फुटू शकते. ओठाला काडी पिळून, कान धरून, चार जणांनी दाबून काम करवून घेणं मला मान्य नाही. त्या दिवशी काम होतं, पण घोडा पुढे आयुष्यभर तोंडाला हात लावू देत नाही.

गुंगीचं औषध पशुवैद्यानेच द्यावं. घोडी गाभण असेल, हृदयाचा त्रास असेल, दुसरं औषध चालू असेल, किंवा लवकरच शर्यत-स्पर्धा असेल तर आधी सांगा. औषधाचा अंश शरीरात काही दिवस सापडतो. गुंगी पूर्ण उतरेपर्यंत, साधारण एक-दोन तास, समोर चारा ठेवू नका. अर्धवट झोपेत गिळलेलं अन्न अडकतं.

हातकानस बरी की मशीन?

दोन्हींनी चांगलं काम होतं आणि दोन्हींनी वाट लावता येते. मशीनने मागच्या दाढांवर नेमकं काम होतं, वेळ कमी लागतो. पण ते काही सेकंदांत इतकं काढतं की चूक दुरुस्त करायची संधीच राहत नाही. शिवाय एका जागी टेकवून ठेवलं की दाढ तापते आणि आतला जिवंत गाभा भाजतो. मधेमधे थांबणं, पाणी मारणं, दाब हलका ठेवणं आवश्यक आहे. मशीन कोणतं यापेक्षा ते धरणारा कोण हे विचारा.

किती घासलं म्हणजे पुरे?

टोचणारी टोकं गोल करणं आणि जबड्याच्या हालचालीला अडवणारा भाग हळूहळू कमी करणं, इतकंच. दाढेचं चावायचं तोंड गुळगुळीत करायचं नसतं. जात्याला टाकी लावून खडबडीत ठेवतात ते उगाच नाही. जातं गुळगुळीत झालं की दाणा नुसता फिरत राहतो. घोड्याच्या दाढेवर इनॅमल कठीण आणि बाकीचा भाग मऊ असल्याने हा खडबडीतपणा झिजता झिजता आपोआप टिकतो. तो कानशीने पुसला की घोड्याला काही आठवडे नीट चावता येत नाही.

मोठा वाढलेला आकडा किंवा उंच दाढ असेल तर एका बैठकीत दोन-चार मिलीमीटरच काढावेत, आणि मग काही महिने थांबावं. त्या काळात दाढ आतून स्वतःचं झाकण जाड करते. काही दाढांत ते झाकण जेमतेम काही मिलीमीटरचं असतं. एकदम सपाट करायला गेलं की गाभा उघडा पडतो, जंतू आत जातात आणि दाढ मरते. बऱ्याचदा हे सहा महिन्यांनी लक्षात येतं, तोपर्यंत घासणारा माणूस विसरला गेलेला असतो. कानस हात राखूनच चालवावी.

समोरचे दात विनाकारण आखूड करून घेऊ नका. आणि "लगामासाठी जागा" म्हणून पहिल्या दाढा खोलवर उतरत्या करण्याची एक पद्धत आहे, तीही टाळा. कड हलकी गोल केली की पुरतं.

हे काम कुणाकडून करून घ्यावं?

घोड्यांच्या दातांचं प्रशिक्षण घेतलेल्या पशुवैद्याकडून, किंवा पशुवैद्याच्या देखरेखीखाली काम करणाऱ्या प्रशिक्षित दंततंत्रज्ञाकडून. कायदे देशोदेशी वेगळे आहेत, पण गुंगी देणं, दात उपटणं आणि निदान करणं ही पशुवैद्याचीच कामं. नालबंदाने जाता जाता कानस फिरवून दिली, असं होऊ देऊ नका, तो नाल कितीही सुरेख ठोकत असला तरी. उपकरणं एका घोड्यावरून दुसऱ्यावर जाताना जंतुनाशकात धुतली जातात का, हेही बघा.

वुल्फ टूथ काढून टाकावेत का?

पहिल्या दाढेच्या पुढे येणारे हे छोटे दात, बहुतेक वरच्या जबड्यात, साधारण सहा महिने ते वर्षाच्या वयात दिसतात. ते सरसकट काढून टाकायची रीत अनेक पागांत आहे. प्रत्येक वुल्फ टूथ त्रास देतोच असं नाही. दाढेला चिकटून, सरळ उभा असलेला लहान दात कित्येक घोड्यांत कडियाळ्याच्या (लगामाचा तोंडात बसणारा लोखंडी भाग) वाटेतही येत नाही. पण फार पुढे आलेला, तिरका, हलणारा, खालच्या जबड्यातला, किंवा हिरडीच्या आत दडून गाठीसारखा लागणारा दात लगामाखाली दुखतो. तो काढावा. काढताना भूल द्यावी, धनुर्वाताची लस चालू आहे याची खात्री करावी (घोडा धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो), आणि जखम भरेपर्यंत, साधारण दोन आठवडे, तोंडात लोखंड घालू नये. टाळूची मोठी रक्तवाहिनी जवळूनच जाते, त्यामुळे हे काम नवशिक्याचं नाही.

दुधाच्या दाढांच्या "टोप्या" म्हणजे काय?

कायमची दाढ खालून वर येते तेव्हा दुधाच्या दाढेचा उरलेला पातळ तुकडा तिच्या डोक्यावर टोपीसारखा बसलेला असतो. तो आपोआप पडतो, कधी गव्हाणीत सापडतोही. अर्धवट सुटून हिरडीत टोचत असेल किंवा समोरच्या बाजूची पडून बराच काळ झाला तरी ही अडकून असेल, तरच काढावी. घट्ट बसलेली टोपी वेळेआधी ओढली तर खालची कोवळी दाढ उघडी पडून खराब होते.

दाढांमधल्या फटींना एवढं महत्त्व का?

कारण त्या सगळ्यात जास्त दुखतात, आणि कानशीने बऱ्या होत नाहीत. निरोगी तोंडात सहा दाढा एकमेकींना घट्ट चिकटून असतात. दोन दाढांमध्ये फट पडली आणि ती वर अरुंद, खाली रुंद असली, की गवताची काडी आत जाते पण बाहेर येत नाही. ती तिथेच कुजते. हिरडी सुजते, खाली पोकळी होते, दाढ हलू लागते. अशा फटीतलं कुजलेलं गवत काढताना येणारा वास तबेल्याच्या दारापर्यंत पोचतो.

उपाय म्हणजे फट खोलवर साफ करणं, औषधी मसाला भरून बंद करणं, काही वेळा तज्ज्ञाने ती मोजून रुंद करणं. जाड, लांब काडीचं गवत कमी करून बारीक, मऊ चारा दिल्याने फरक पडतो. तरुण घोड्यात दाढा पुढे सरकून फट मिटतेही. म्हाताऱ्यात नाही, कारण दाढ मुळाकडे निमुळती होत जाते आणि वय वाढेल तशी फट वाढत जाते.

एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येतोय. सर्दी असेल का?

सर्दीत सहसा दोन्ही नाकपुड्या वाहतात. एकाच बाजूने, दुर्गंधीयुक्त, आठवड्यांमागून आठवडे येत असेल तर दाढेचा संशय घ्या. वरच्या मागच्या दाढांची मुळं गालाच्या हाडातल्या पोकळीला, सायनसला, लागून असतात. मुळाशी पू झाला की तो सायनसमध्ये उतरतो आणि नाकातून वाहतो. प्रतिजैविकं दिली की थांबतो, बंद केली की परत येतो. दोनतीनदा असं झालं असेल तर औषधाचा पुढचा कोर्स न करता डोक्याचा एक्स-रे आणि तोंडाची पूर्ण तपासणी करून घ्या.

दातांच्या दृष्टीने खाणं कसं असावं?

गवत जास्तीत जास्त, दाणा गरजेपुरता, आणि शक्यतो जमिनीलगत. मान खाली घातली की खालचा जबडा थोडा पुढे सरकतो. घोड्याचं चावणं त्याच स्थितीसाठी घडलेलं आहे. उंच टांगलेल्या जाळीतून दिवसभर खाणाऱ्याला ते मिळत नाही. चावण्यानेच लाळ सुटते, दिवसाला तीस-चाळीस लिटरपर्यंत, आणि ती तोंडातलं व पोटातलं आम्ल शमवते.

गोड खुराक, काकवी लावलेला चारा, साखरेचे खडे यांनी घोड्याचेही दात किडतात. साखर जास्त असलेल्या गवतानेही दाढांच्या बाजू खरवडल्यासारख्या होतात. चारा बदलला की नवा भाग निरोगी येतो, हे दिलासा देणारं आहे. ब्रशने दात घासायची गरज नाही.

लगाम मानत नाही, डोकं उडवतो. दातच असतील?

असू शकतात, आणि तपासायला सोपे म्हणून आधी तेच पाहावेत. पण पाठ, खोगीर, पाय, कडियाळ्याचं माप आणि स्वाराचा हात यांतूनही हेच दिसतं. कडियाळं जिथे टेकतं ती दात नसलेली हिरडी बोटाने चाचपा. तिथे जखम किंवा हाडाचा टेंगूळ असेल तर कारण दाढेत नाही, कडियाळ्यात आहे.

म्हाताऱ्या घोड्याच्या दातांचं काय करायचं?

कमीत कमी. पंचविशीतल्या घोड्याच्या दाढा आखूड, गुळगुळीत, लाटेसारख्या वर-खाली झालेल्या असतात. त्या सरळ रेषेत आणायचा हट्ट धरला तर उरलेला साठाही संपतो. टोचणारं टोक गोल करा, हलणारी दाढ काढा आणि बाकी काम खाण्यावर सोडा. गवताच्या गोळ्या किंवा बीटचा चोथा कोमट पाण्यात पूर्ण फुलेपर्यंत भिजवून, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. बोटाने दाबून आत कडक गर नाही याची खात्री करा. दाढा नसलेला घोडा अशा लापशीवर वर्षानुवर्षं छान जगतो. थंडीत त्याचं वजन रोम लांब झाल्याने दिसत नाही, म्हणून फासळ्यांवरून हात फिरवत राहा.

पंधराच्या पुढच्या घोड्यांत समोरच्या दातांची मुळं एकीकडे विरघळतात आणि दुसरीकडे फुगतात, असा एक दुखरा आजार होतो. हिरडीवर लाल ठिपके, फुगीर मुळं, गाजर चावायला नकार, ही त्याची चिन्हं. एक्स-रेवर खात्री झाली की दात काढावे लागतात. मालकांना हे ऐकून धस्स होतं. पण समोरचे सगळे दात काढलेला घोडा ओठांनी गवत उचलून व्यवस्थित खातो, आणि महिन्याभरात त्याचा चेहरा बदलतो. इतकं दुखत होतं हे तेव्हा कळतं.

दातांवरून वय कितपत खरं कळतं?

पाच वर्षांपर्यंत बरंच नेमकं, दहापर्यंत साधारण, पुढे अंदाजच. वरच्या कोपऱ्यातल्या दातावरची उभी खाच दहाच्या सुमारास दिसू लागते, वीसपर्यंत पूर्ण लांबीची होते, असा ठोकताळा आहे, पण जात, चारा आणि लाकूड चावायची सवय यांनी तो चुकतो. घोडा विकत घेताना त्यावर विसंबू नका.

तक्त्यावर 109, 311 असे आकडे लिहितात, ते काय?

पहिला आकडा जबड्याचा भाग: 1 वरचा उजवा, 2 वरचा डावा, 3 खालचा डावा, 4 खालचा उजवा. उजवा-डावा घोड्याचा, तुमचा नाही. पुढचे दोन आकडे समोरच्या मधल्या दातापासून मागे मोजलेला क्रमांक: सुळा 04, वुल्फ टूथ 05, दाढा 06 ते 11. 109 म्हणजे वरच्या उजव्या बाजूची चौथी दाढ. एक वर्षाची असताना आलेली, म्हणून कायमच्या दाढांत सगळ्यात जुनी, आणि मुळाशी पू होण्याचं प्रमाण 09 या दाढांत जास्त. तक्ता वाचताना तिथे नजर टाकाच.

घासल्यानंतर घोड्यावर कधी बसता येईल?

नुसतं घासलं असेल तर दुसऱ्या दिवशी. एखाद-दोन दिवस तो हळू खाईल, मऊ चारा द्या. पूर्ण दिवस उलटूनही खात नसेल, ताप असेल किंवा तोंडातून रक्त येत असेल तर फोन करा, वाट पाहू नका.

गाढवं आणि खेचरांनाही हे सगळं लागू आहे?

पूर्णपणे. गाढवं जास्त वर्षं जगतात आणि दुखणं घोड्याहूनही कमी दाखवतात, त्यामुळे त्यांच्यात दातांचे आजार फार उशिरा सापडतात. वर्षातून एक तपासणी त्यांचीही झालीच पाहिजे. त्यांना एक धोका जास्त असतो: खाणं थांबलं की शरीरातली चरबी रक्तात उतरते आणि यकृत निकामी होऊ शकतं, विशेषतः लठ्ठ किंवा गाभण गाढविणीत. गाढवाने दातदुखीमुळे का होईना, खाणं सोडलं तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा.